अमेरिकेत कॅम्पग्राउंडवर काम करत आरव्हीमध्येच कायम राहणं जमतं का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही दोघं पन्नाशी ओलांडलेले, ग्रीन कार्डवाले, मुलगा कॉलेजात. न्यू जर्सीचं घर विकून आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, घ्यायची आणि कॅम्पग्राउंडवर (आरव्ही किंवा तंबू लावून राहायच्या जागी) काम करत फिरत राहायचं मनात आहे. हे जमतं का, पैसे पुरतात का आणि आरव्ही कोणती घ्यावी, असे तुमचे तीन प्रश्न.

जमतं. आम्ही दोघं २०२१च्या एप्रिलपासून असेच राहतोय. मी मूळची सांगलीची, पण लग्नानंतरची सव्वीस वर्षं न्यू जर्सीत गेली. आता मी ५८ वर्षांची आहे, हे ६१चे. उन्हाळ्यात आम्ही साउथ डकोटात, ब्लॅक हिल्सच्या डोंगरातल्या एका खाजगी कॅम्पग्राउंडवर काम करतो आणि थंडी सुरू झाली की ॲरिझोनाच्या वाळवंटाकडे निघतो. घर म्हणजे ३४ फुटी फिफ्थ व्हील, ट्रकच्या हौद्यात अडकवून ओढायचा मोठा ट्रेलर. दोन्ही बाजूंचे भाग बाहेर सरकवले की आत साधारण ३०० चौरस फूट जागा मिळते.

आरव्ही कोणती, हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. आधी कामाचा करार बघा. या राहण्यात तुमचं घर आणि तुमची नोकरी एकाच खुंटीला बांधलेली असते. काम सुटलं की त्याच आठवड्यात, कधी कधी त्याच दिवशी, पायाखालची जागाही रिकामी करावी लागते. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतेय.

पहिल्या उन्हाळ्यात आम्ही जिथे होतो त्या जागेचं आणि राज्याचं नाव घेत नाही. फोनवर ठरलं होतं की दोघांनी मिळून आठवड्याला ३० तास काम करायचं आणि त्याबदल्यात वीज, पाणी, मैलापाण्याची जोडणी असलेली साईट, म्हणजे आरव्ही उभी करायची जागा, फुकट. आम्हाला वाटलं, चांगलं आहे. लेखी काहीच नव्हतं. जून उजाडला तसे तीसचे चाळीस झाले, जुलैत पन्नास. रात्री अकराला कुणाचा ब्रेकर उडाला तरी आमचंच दार वाजायचं आणि तो वेळ कशातच धरला जायचा नाही. बोलून दाखवलं तर उत्तर यायचं, "जागा हवी आहे ना?" आणि जागा तर हवीच होती.

पुढे एका रात्री मी कागद-पेन घेऊन बसले. त्याच साईटचं महिन्याचं भाडं इतरांना ६०० डॉलर होतं. आठवड्याला ३० तास म्हणजे महिन्याला साधारण १३० तास. ६०० भागिले १३०, म्हणजे तासाला साडेचार डॉलरच्या जरा वर. पन्नास तासांचा हिशोब केला तेव्हा पेन खाली ठेवलं. कुठलीही ऑफर आली की हा भागाकार सगळ्यात आधी करा. साईटचं खरं भाडं किती आहे ते त्यांच्या दरपत्रकात असतं. रोजच्या दराने हिशोब मांडून मोठा आकडा कुणी दाखवला तर मान्य करू नका, महिन्याचाच दर धरा.

आता जिथे आहोत तिथला करार दोन पानी आहे. कामाच्या प्रत्येक तासाचा पगार मिळतो आणि साईटचे महिन्याला २०० डॉलर त्यातून कापतात. दोघांचे मिळून आठवड्याला साधारण साठ तास होतात, तीन दिवस सलग सुट्टी असते. कुणालाही मध्येच थांबायचं असेल तर दोन आठवड्यांची सूचना, आणि तेवढे दिवस साईट आमचीच. हे शेवटचं वाक्य मी स्वतः मागून घालून घेतलं. मालकीणबाईंनी काही कुरकुर केली नाही. जे कुरकुर करतील त्यांच्याकडे जाऊ नका.

कायद्याचंही थोडं सांगते. वर्षात सात महिन्यांहून जास्त न चालणाऱ्या करमणुकीच्या ठिकाणांना केंद्र सरकारच्या किमान वेतनाच्या आणि ओव्हरटाइमच्या नियमांतून सूट मिळू शकते. म्हणून "कायदा आहेच की" म्हणून निर्धास्त राहू नका. साईट बदल्यात मिळत असेल तर ती कधी करपात्र धरतात, कधी नाही. मालकाच्या आवारात राहणं ही नोकरीचीच अट आहे का, यावर बरंच अवलंबून असतं, तेव्हा टॅक्सवाल्याला करार दाखवा. तुमच्याकडे ग्रीन कार्ड आहे म्हणून ठीक. पण हे उत्तर एच-१बी किंवा वर्क परमिट नसलेल्या एच-४ व्हिसावर असलेलं कुणी वाचत असेल तर त्यांनी या वाटेला जाऊ नये. पैसे न घेता फक्त साईटच्या बदल्यात केलेलं काम हाही मोबदलाच असतो.

सरकारी जागांचा प्रकार वेगळा आहे. नॅशनल पार्क, नॅशनल फॉरेस्ट, राज्यांची उद्यानं यांना 'कॅम्प होस्ट' लागतात. ते स्वयंसेवक असतात, पगार बहुधा नसतो, साईट मिळते. केंद्राच्या जागा व्हॉलंटियर डॉट गव्ह या वेबसाइटवर लागतात. पेन्शन किंवा दुसरं उत्पन्न असेल तर फार सुंदर काम आहे, पण घरखर्च त्यावर चालणार नाही.

आता प्रत्यक्ष काम. मी ऑफिसात असते. बुकिंग, आलेल्यांना साईट दाखवणं, लाकडाच्या मोळ्या आणि बर्फ विकणं. लाकूड घरून आणू नका हे रोज दहा जणांना समजावून सांगते. ॲश झाडांचा जीव घेणारा एमराल्ड ॲश बोरर हा किडा २००२ साली मिशिगनमध्ये सापडला आणि जळणाच्या लाकडातून लोकांनीच तो राज्याराज्यांत पोचवला. यांच्याकडे गवत कापणं, साईटवरचे वीजजोडणीचे खांब, नळ, शेकोट्यांच्या कड्यांतली राख काढणं. आणि बाथरूम, संडास धुणं आम्ही पाळीपाळीने करतो, दिवसातून दोनदा. ऑगस्टच्या सुरुवातीला जवळच स्टर्जिसला मोटारसायकलवाल्यांचा मेळा भरतो, १९३८ पासून भरतोय. त्या दहा दिवसांत दोनदाचं पाचदा होतं.

याबद्दल मला मोकळेपणाने लिहायचंय, कारण आपल्याकडच्या बऱ्याच जणांची गाडी इथेच अडते. मी हे काम करते असं फोनवर सांगितलं तेव्हा आई काहीच बोलली नाही. विषय बदलला. भाऊ म्हणाला, "ताई, पैसे कमी पडतायत का?" सासऱ्यांनी मात्र दुसऱ्या दिवशी स्वतःहून फोन केला. लहानपणी त्यांनी गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलंय, आधी गाव झाडून मग उभं राहिलेलं. ते एवढंच म्हणाले, "नीट कर म्हणजे झालं." न्यू जर्सीत वीस वर्षं मी ऑफिसात स्प्रेडशीट भरल्या, पण संध्याकाळी मागे वळून बघण्यासारखं काही नसायचं. इथे असतं. सकाळी सात वाजता, दव असताना, स्वच्छ केलेल्या न्हाणीघरातून लहान मुलं ओले केस घेऊन पळत बाहेर येतात तेव्हा मला मनापासून बरं वाटतं. तुम्हा दोघांपैकी एकालाही या कामाची लाज वाटणार असेल तर आधीच एकमेकांशी बोलून घ्या.

राहण्यातल्या गोष्टी शिकता येतात, त्यांना घाबरू नका. दोन-चार मात्र आधी माहीत हव्यात.

विजेची जोडणी ३० अँपची असेल तर एकूण ३,६०० वॅट मिळतात. एसी चालू असताना साधारण १,५०० जातात, मायक्रोवेव्हचे तेवढेच. त्यात पाणी तापवायचं बटण दाबलंत की अंधार. ५० अँपला १२,००० वॅट मिळतात. करारात साईट कितीची आहे ते लिहून घ्या आणि ट्रेलर व खांब यांच्यामध्ये सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब अचानक वाढला तर अडवणारं उपकरण) लावल्याशिवाय कधीही जोडू नका.

संडासाची टाकी आणि सांडपाण्याची टाकी वेगळ्या असतात. संडासाच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा, दोन तृतीयांश भरली की सोडायची आणि मागोमाग सांडपाणी सोडून पाइप धुऊन काढायचा. कायमची जोडणी आहे म्हणून नवे लोक व्हॉल्व्ह उघडाच ठेवतात. पाणी वाहून जातं, बाकीचं तळाशी वाळून दगड होतं. दर हंगामात यांना कुणाच्या तरी टाकीपाशी तासन्‌तास उभं राहावं लागतं.

स्वयंपाकाबद्दल बायका मला सगळ्यात जास्त विचारतात. फोडणी आत करू नका. वास तर राहतोच, पण वाफ आणि तेलकटपणा भिंतींवर, गादीखाली बसतो आणि बुरशी धरते. आमची एक गादी तशी गेली. आता छत्राखाली बाहेर टेबल आहे, त्यावर इंडक्शन, कुकरसुद्धा बाहेरच. थंडीत आत करावंच लागलं तर छताचा पंखा चालू आणि खिडकी दोन बोटं उघडी. डाळी, पीठ, चिवडा सगळं स्टीलच्या डब्यांत, कारण उंदीर इथे घरात येतातच. जिथून पाइप, वायरी आत येतात त्या फटींत तारेची घासणी कोंबून ठेवायची.

हवामान मात्र शिकून संपत नाही. ब्लॅक हिल्समध्ये मे महिन्यातही बर्फ पडतो. पाण्याचा पाइप विजेने गरम राहणारा घ्यावा, नाहीतर रात्री टाकी भरून पाइप काढून ठेवावा. कडाक्याच्या रात्रींत प्रोपेनचं ३० पौंडांचं सिलिंडर तीन-चार दिवसांत संपतं. आणि गारा! २०२३च्या जुलैत वीस मिनिटं लिंबाएवढ्या गारा पडल्या. छतावरची झाकणं फुटली, न्हाणीवरची काच खाली आली आणि आम्ही दोन आठवडे ताडपत्रीखाली काढले. विमा 'फुल-टाइमर' प्रकारचा होता म्हणून निभावलं. साध्या आरव्ही विम्यात कायमचं राहणं धरलेलं नसतं, कंपन्यांच्या वॉरंटीतही बऱ्याचदा नसतं. म्हणून नवी कोरी घेण्यात मला अर्थ वाटत नाही. आम्ही २०१६ची वापरलेली घेतली. फार जुनीही नको, कारण दहा वर्षांवरची आरव्ही काही खाजगी जागा घेत नाहीत. छताचे सांधे दर सहा महिन्यांनी शिडी लावून बघा.

पत्ता साउथ डकोटाचाच घेतला. आम्ही लायसन्स काढलं तेव्हा राज्यात एक रात्र राहिल्याची पावती आणि टपाल सांभाळणाऱ्या सेवेचा पत्ता पुरला होता. राज्याचा इन्कम टॅक्स नाही. आरोग्य विम्याची गाठ मात्र अजून पूर्ण सुटलेली नाही. मार्केटप्लेसवरच्या (आरोग्य विमा विकत घ्यायच्या सरकारी बाजारातल्या) बऱ्याच पॉलिसी आपल्या राज्यातल्या डॉक्टरांपुरत्याच असतात, त्यामुळे ॲरिझोनात तातडीचं काही सोडलं तर आम्ही उन्हाळ्याची वाट बघतो. ६५ नंतर मूळ मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, देशभर चालतं, तोवर काळजीच आहे. तुम्हाला दोघांपैकी कुणाला नियमित डॉक्टर लागत असेल तर हा मुद्दा पगाराच्याही आधी तपासा.

सप्टेंबरच्या शेवटी कस्टर स्टेट पार्कात हजाराहून जास्त बायसनचा (अमेरिकी रानगव्यांचा) कळप घोडेस्वार हाकत आणतात, ते बघायला शेवटची गर्दी होते. मग आम्ही पाइपांतलं पाणी काढून बाराशे मैलांहून जास्त खाली ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटला जातो. तिथे सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल राहण्याचा परवाना आम्ही १८० डॉलरला घेतला. साईटवर वीज नाही, नळ नाही. सौर पॅनेल आणि टाकीतलं पाणी. तिथे असतो तोवर आम्ही कमवत नाही.

पैसे पुरतात का, तर आम्हाला पुरतात, कारण कर्ज नाही आणि ट्रक-ट्रेलर रोख घेतले. उन्हाळ्याच्या पगारात वर्षाचा रोजचा खर्च जेमतेम निघतो. टायर, दुरुस्ती, भारतात जाणं हे साठवलेल्यातून.

सणांची विचारणा तुम्ही केली नाहीत, पण मनात असेल. २०२२ साली गणपती ३१ ऑगस्टला आले आणि लगेच लेबर डेच्या सुट्टीची गर्दी. दीड दिवसाची शाडूची मूर्ती जेवणाच्या टेबलावर बसवली, शेजारच्या साईटवरचं नेब्रास्काचं म्हातारं जोडपं आरतीला उभं राहिलं. विसर्जन बादलीत, आणि ते पाणी पाइन झाडाच्या मुळाशी.

मेमध्ये रुजू व्हायचं असेल तर जानेवारीतच फोन सुरू करा आणि तिथे आधी काम केलेल्या दोन जोडप्यांशी बोलायला मागा. आणि घर आत्ता विकू नका. एक हंगाम भाड्याने द्या, पण करार महिन्या-महिन्याचा ठेवा. आम्ही विकून आलो होतो. त्या पहिल्या उन्हाळ्यात साडेचार डॉलरचा हिशोब मांडल्यावर निघायचं त्याच रात्री ठरलं होतं, पण परत जायला घर नव्हतं आणि ऐन हंगामात दुसरीकडे साईट मिळेना. प्रत्यक्ष निघायला नऊ आठवडे लागले.