वाचकांचे प्रश्न : जुने गोवे, बॉम जेझस आणि मांडवीपलीकडे

प्रश्न : आम्ही डिसेंबरच्या सुट्टीत सातारहून सहकुटुंब गोव्याला जाणार आहोत. सहल कंपनीने दिलेल्या कार्यक्रमात ‘जुन्या गोव्याची चर्चे’ यासाठी पाऊण तास राखून ठेवला आहे. एवढा वेळ पुरेल का? आम्ही ख्रिस्ती नाही, तेव्हा आत जाताना काय पाळावे? सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यांना झेपेल असे आसपास आणखी काय पाहता येईल?

उत्तर : पाऊण तास पुरणार नाही. तेवढ्या वेळात रांगेबरोबर पुढे सरकत बॉम जेझस बॅसिलिकेत शिरावे, मान वर करून संत फ्रान्सिस झेवियर यांची शवपेटी पाहावी आणि बाजूच्या दाराने बाहेर पडून गाडी गाठावी, इतकेच होते. शक्य असल्यास त्या दिवशी सहलीची गाडी सोडून द्यावी आणि जुन्या गोव्यासाठी सकाळपासूनचा पूर्ण दिवस ठेवावा.

याचे कारण असे की, ही एका चर्चची भेट नसून एका नाहीशा झालेल्या राजधानीची भेट आहे. १५१० मध्ये आफोन्सो द आल्बुकर्क याने हे शहर विजापूरच्या आदिलशाहीकडून जिंकून घेतले, पोर्तुगिजांच्या पूर्वेकडील साम्राज्याचा कारभार येथून चालू लागला आणि ज्या भरभराटीसाठी ते ओळखले जाई, तीच पुढे साथीच्या रोगांनी खाऊन टाकली. लोक मांडवीच्या मुखाकडे सरकत गेले आणि १८४३ मध्ये राजधानीचा मान रीतसर पणजीला मिळाला. वाडे, बाजार, रस्ते गेले. चर्चे आणि मठ तेवढे उरले. आज त्यांच्याभोवती जी हिरवळ आणि माडांची रिकामी जागा दिसते, ती बागेसाठी सोडलेली नाही, तेथे दाट वस्ती होती. ही चर्चे आणि मठ १९८६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. आणखी एक गोष्ट मुलांना सांगायला हरकत नाही : १५६० मध्ये येथे स्थापन झालेले आणि मधली थोडी वर्षे वगळता १८१२ पर्यंत चाललेले इन्क्विझिशनचे, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणारे, न्यायपीठ से कॅथेड्रलजवळच्या एका वाड्यात होते. त्या वाड्याचा आता मागमूस नाही.

सुरुवात बॉम जेझसपासून आणि शक्य तितक्या सकाळी करावी. पायाभरणी २४ नोव्हेंबर १५९४ रोजी झाली आणि १५ मे १६०५ रोजी आर्चबिशप आलेक्सो द मेनेझिस यांच्या हस्ते चर्चचा अभिषेक झाला. १९४६ मध्ये त्याला बॅसिलिकेचा, म्हणजे खास मानाच्या चर्चचा, दर्जा मिळाला. बाहेर उभे राहून दर्शनी भिंत नीट पाहावी. बांधकाम जांभ्याचे आहे, पण कोरीव कामाचा काळा पाषाण वसईहून आणलेला आहे. उत्तर कोकणातला कातळ समुद्रमार्गे एवढ्या दूर येऊन येथे घडवला गेला, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला मुद्दाम सांगण्यासारखे आहे. आज छायाचित्रांत शोभून दिसणारा तांबडा, उघडा जांभा मात्र मूळचा नव्हे. ही इमारत चुन्याच्या गिलाव्याने झाकलेली होती आणि १९५०च्या दशकातील दुरुस्तीत तो गिलावा खरवडून काढण्यात आला. तेव्हापासून गोव्याचा पाऊस थेट सच्छिद्र दगडावर पडतो आहे. गिलावा पुन्हा चढवावा की लोकांच्या डोळ्यांत बसलेले रूप राखावे, यावर गोव्यात वाद चालू असतो. रूपापेक्षा दगड टिकणे महत्त्वाचे, असे आमचे मत आहे.

आत गेल्यावर समोर छतापर्यंत पोचलेली सोनेरी मुलामा दिलेली वेदी दिसते. मध्यभागी जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांची भव्य मूर्ती आणि तिच्या पायथ्याशी बाळ येशूची छोटी मूर्ती. ज्याच्या नावाने चर्च आहे तोच आकाराने लहान आहे, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही, कारण तोपर्यंत रांग उजवीकडे जेझुइट धर्मप्रचारक संत फ्रान्सिस झेवियर यांच्या समाधीकडे वळलेली असते. त्या समाधीपाशी थोडे रेंगाळावे. खालचा संगमरवरी व रंगीत दगडांचा चौथरा टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने दिलेला असून तो फ्लॉरेन्सच्या जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी या शिल्पकाराने घडवला. १६९८ मध्ये तो येथे बसवण्यात आला. त्यावरच्या ब्राँझच्या पट्ट्यांत संताच्या जीवनातील प्रसंग आहेत. वरची चांदीची पेटी मात्र त्याच्या साठेक वर्षे आधीची, १६३६-३७ मधली, आणि ती गोमंतकीय कारागिरांच्या हातची आहे. गर्दीत सगळ्यांचे लक्ष पेटीच्या आत काय दिसते याकडे असते. पेटीवरच्या चांदीच्या पत्र्यांतील बारीक ठोकीव काम पाहायला कोणी थांबत नाही. घरातील एखाद्याकडे लहान दुर्बीण असल्यास जरूर न्यावी.

पाळण्याच्या गोष्टी फार नाहीत. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत. पादत्राणे काढावी लागत नाहीत, टोपी मात्र काढावी. छायाचित्रांबाबत दारावरची सूचना वाचावी आणि वेदीकडे पाठ करून सेल्फी काढण्याचा मोह टाळावा. मिस, म्हणजे कॅथलिकांची सामुदायिक उपासना, चालू असेल तर मागच्या बाकावर शांत बसण्यास कोणी हरकत घेत नाही, पण पवित्र भाकरीसाठी लोक रांगेने पुढे जातात तेव्हा आपण जागेवरच बसून राहावे. तो प्रसाद कॅथलिकांपुरता आहे आणि अजाणतेपणी हात पुढे केला की देणारा आणि घेणारा दोघेही अवघडतात. रविवारी सकाळी मिस असल्याने पर्यटकांना उशिरा आत सोडतात. बाहेर मेणबत्त्यांबरोबर मेणाचे हात, पाय, तान्ही बाळे विकायला ठेवलेली दिसतील. जो अवयव दुखतो त्याची मेणाची प्रतिकृती नवसाची म्हणून येथे वाहतात. सासूबाईंना मेणाचा पाय वाहावासा वाटला तर त्यांना कोणी जातधर्म विचारणार नाही.

रस्ता ओलांडला की से कॅथेड्रल आहे. १५६२ मध्ये सुरू झालेल्या या प्रचंड इमारतीचे काम १६१९ पर्यंत चालले. दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला आणि तो पुन्हा उभारला गेला नाही. राहिलेल्या मनोऱ्यात गोव्यातील सर्वांत मोठी घंटा आहे. त्याच आवारात असिसीच्या संत फ्रान्सिस यांचे चर्च आणि लगतच्या मठात पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. तेथे पोर्तुगीज व्हाइसरॉयांच्या तसबिरींच्या रांगेइतकेच लक्ष गोव्यातील जुन्या वीरगळांकडे द्यावे. संग्रहालयाला शुक्रवारी सुट्टी असते. येथपर्यंत सगळी जमीन सपाट आहे, त्यामुळे सासूबाईंना त्रास होऊ नये. नदीच्या दिशेने थोडे चालल्यावर रोमच्या सेंट पीटरच्या धर्तीवर घुमट असलेले सेंट कायतान चर्च लागते. त्याच्या समोरच्या बाजूस हिंदू शैलीतील कोरीव खांबांची एक एकाकी चौकट उभी आहे. ती आदिलशाही राजवाड्याच्या दाराची समजली जाते. तेथून खाली व्हाइसरॉयची कमान, आणि कमानीखालून रस्ता सरळ मांडवीच्या धक्क्यावर जातो.

दुपारनंतर दोन वाटा आहेत. पहिली टेकडीवरच्या सेंट ऑगस्टीनच्या अवशेषांची. १८३५ मध्ये धर्मसंघ बरखास्त झाल्यावर हे चर्च ओस पडले, १८४२ मध्ये त्याचे छत कोसळले, आणि आता सुमारे ४६ मीटर उंचीचा अर्धा मनोरा तेवढा उरला आहे. जॉर्जियाची हुतात्मा राणी केतेवान हिचे अवशेष येथेच उत्खननात सापडले. हैदराबादच्या प्रयोगशाळेतील डीएनए तपासणीने त्यांना दुजोरा मिळाला आणि २०२१ मध्ये भारताने त्यांतील काही भाग जॉर्जियाला भेट दिला. जागा विलक्षण आहे, पण जमीन उंचसखल आहे. म्हणून तुमच्या कुटुंबाला आम्ही दुसरी वाट सुचवू. धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडी बेटावर जावे, गाडीने बेट ओलांडावे आणि पलीकडच्या फेरीने नार्व्याला उतरावे. तेथे सप्तकोटेश्वर आहे. गोव्याच्या कदंब राजांच्या या कुलदेवतेचे मूळ देऊळ दिवाडीवर होते. पोर्तुगिजांनी ते पाडल्यावर लिंग नदीपार नेण्यात आले आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. तसा शिलालेख देवळाच्या दारावर आहे. सकाळी बॉम जेझस आणि संध्याकाळी सप्तकोटेश्वर पाहिल्यावर या भूमीचा इतिहास जितका कळतो, तितका मार्गदर्शकाच्या पाठ केलेल्या भाषणातून कळणार नाही.

प्रश्न : झेवियर यांचे शव आजही जसेच्या तसे आहे, असे आम्ही लहानपणापासून ऐकतो. ते जवळून कधी पाहता येते? संभाजी महाराजांच्या गोवा स्वारीशी या शवाचा संबंध जोडला जातो, त्यात तथ्य आहे का? (नाशिक)

उत्तर : झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील शांगच्वान बेटावर वारले. शव तेथे चुना घालून पुरले होते. काही आठवड्यांनी उकरले तेव्हा ते ताजे आढळल्याची नोंद आहे. पुढे ते मलाक्काला आणि १५५४च्या मार्चमध्ये गोव्याला आले. श्रद्धावान याला दैवी कृपा मानतात. मात्र ते ‘जसेच्या तसे’ नाही. काळाच्या ओघात ते वाळून आक्रसले आहे, आणि १६१४ मध्ये उजव्या हाताचा कोपरापासूनचा भाग रोमला नेण्यात आला. जेझुइटांच्या हकालपट्टीनंतर शव बदलल्याची आवई उठली, ती शमवण्यासाठी १७८२ मध्ये ते जनतेला दाखवण्यात आले. आता साधारण दर दहा वर्षांनी पेटी खाली उतरवून मिरवणुकीने से कॅथेड्रलमध्ये ठेवतात. यापूर्वीचे दर्शन नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात झाले, त्यामुळे पुढच्यासाठी २०३४ची वाट पाहावी लागेल.

संभाजी महाराजांच्या स्वारीचा संबंध खरा आहे. नोव्हेंबर १६८३ मध्ये मराठ्यांनी राजधानीच्या अगदी उंबऱ्यावरील जुवे बेटाचा कोट रातोरात घेतला. तो परत घ्यायला स्वतः गेलेला व्हाइसरॉय, आल्व्होरचा काउंट, मार खाऊन कसाबसा जीव वाचवून परतला. मग त्याने बॉम जेझसमध्ये जाऊन पेटी उघडवली आणि आपला राजदंड संताच्या शवापाशी ठेवून राज्याचे रक्षण त्याच्यावर सोपवले. मराठे पुढे माघारी वळले, हेही खरे. पण त्याचे कारण औरंगजेबाचा मुलगा शाहआलम याची मोगल फौज कोकणात उतरली, हे होते. गोव्यातील भाविकांनी त्याचे श्रेय आपल्या ‘सायबा’ला, म्हणजे झेवियर यांना, दिले, आणि त्या दिवसांतली शहराची घबराट ध्यानात घेता ते समजण्यासारखे आहे.

प्रश्न : फेस्ताच्या दिवशी यावे का? रेल्वेने कसे यावे? (पुणे)

उत्तर : फेस्त, म्हणजे झेवियर यांचा सण, ३ डिसेंबरला असते आणि त्याआधी २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवसांची नोव्हेना (प्रार्थना) चालते. इमारती पाहायच्या असतील तर हे दिवस टाळावेत. लोक पाहायचे असतील तर याच दिवसांत यावे. दूरदूरच्या गावांतून पायी आलेले भाविक, आवारातल्या मिस आणि खाज्या-चण्यांची दुकाने एरवी दिसणार नाहीत. सर्वांत जवळचे स्थानक करमळी. मुंबईहून सुटणाऱ्या कोकणकन्या आणि मांडवी या गाड्या तेथे थांबतात. स्थानकाबाहेर रिक्षा मोजक्याच असतात, म्हणून वाहन आधी ठरवून ठेवावे. पणजीहून बसने रायबंदरमार्गे साधारण दहा किलोमीटरचा रस्ता आहे. बसमध्ये नदीच्या बाजूची, म्हणजे जाताना डावीकडची, खिडकी धरावी.