ट्रिस्टनसाठी एफडी मोडावी का?

प्रश्न: मी ६२, पत्नी ५८. कोल्हापुरात स्वतःचं घर, कर्ज नाही, पेन्शनही नाही. पुंजी १ कोटी ४० लाख, महिन्याचा खर्च ६० हजार. अर्जेंटिनातल्या उशुआयाहून साउथ जॉर्जिया आणि ट्रिस्टन दा कून्या ही दक्षिण अटलांटिकमधली बेटं करत केपटाउनला जाणारी क्रूझ माणशी १३ लाखांना मिळतेय. ओढ ट्रिस्टनचीच आहे. एफडी मोडून जावं का?

उत्तर: नको. ट्रिस्टनला जाण्याला माझी हरकत नाही, या क्रूझने जाण्याला आहे.

२६ लाख हे नुसतं जहाजाचं भाडं झालं. उशुआयापर्यंतचं विमान, केपटाउनहून परतीचं, दोन्ही टोकांची हॉटेलं, व्हिसा, विमा, जहाजावरच्या टिपा धरल्या तर ३२ लाख हाताशी हवेत. आज तुम्ही पुंजीतून वर्षाला ७ लाख २० हजार काढता, म्हणजे ५.१ टक्के. ३२ लाख गेले की तोच खर्च १ कोटी ८ लाखांवर येईल, म्हणजे ६.७ टक्के. त्यात महागाई, आणि वहिनींसाठी पैसा अजून तीस वर्षं पुरवायचा. हे गणित बसत नाही.

शिवाय बेटावर पाऊल पडेलच याची हमी कुणीच देत नाही. तिथे विमानतळ नाही. कॅलशॉट बंदर इतकं छोटं, की मोठं जहाज बाहेरच उभं राहतं आणि माणसांना रबरी होडीतून नेतात. समुद्र खवळला की होडी धक्क्याला लावता येत नाही. मग कप्तान थोडी वाट बघतो, फार तर बेटाभोवती फेरी मारतो आणि पुढे निघतो. मार्ग बदलण्याचा हक्क करारात कंपनीकडे असतो. परत मिळालंच तर बंदर-शुल्कासारखं किरकोळ काही. 'बेट हुकलं' म्हणून प्रवास विमाही सहसा पैसे देत नाही.

टीसीएसची, म्हणजे परदेश सहलीच्या बुकिंगवर आगाऊ घेतल्या जाणाऱ्या कराची, मात्र धास्ती नको. तो खर्च नव्हे, रिटर्न भरताना वळता होतो. तोवर रक्कम अडकते एवढंच. ज्याच्या पॅनवर बुकिंग, त्यालाच त्याचं क्रेडिट मिळतं, एवढं पैसे भरताना लक्षात ठेवा.

आता दुसरी वाट. केपटाउनहून ट्रिस्टनला मासेमारीची आणि सामान नेणारी जहाजं वर्षातून मोजक्या वेळा जातात आणि थोडे प्रवासी घेतात. एका बाजूला साधारण आठवडा लागतो, भाडं क्रूझच्या मानाने फारच कमी. बेटाच्या कौन्सिलची परवानगी कित्येक महिने आधी काढावी लागते आणि जागा देताना बेटवासीयांचा नंबर आधी. पण मिळाली, तर अडीचशेच्या आसपास वस्तीच्या गावात तिथल्याच कुणाच्या घरी चांगले काही दिवस राहता येतं. सोय यथातथाच, जहाज हलतं भरपूर. परतीची तारीख पुढे सरकते, म्हणून केपटाउनहून मुंबईचं तिकीट बदलता येण्याजोगंच घ्या. आजारी माणसाला बाहेर काढायचं तर तेही बोटीनेच, त्यामुळे विम्यात वैद्यकीय स्थलांतराची मर्यादा मोठी हवी आणि बीपी, शुगर अर्जात लपवू नका.

क्रूझची अनामत भरली असेल, तर रद्द करण्याच्या अटी आजच वाचा. उरलेली रक्कम बहुधा निघण्याच्या तीन-चार महिने आधी मागतात; ती एकदा गेली की हाती फारसं परत येत नाही.