तोंडावर सूज आणि ‘व्हसच असं’

(या सदरात सातपुड्याच्या पायथ्याशी उपकेंद्रांवर नोकरी करून निवृत्त झालेल्या आरोग्यसेविका वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न : ताई, माझ्या धाकट्या जावेला आठवा महिना आहे. पाय तर सुजतातच, पण आता तोंडही सुजल्यासारखं दिसतं आणि डोकं दुखतं. सासूबाई म्हणतात, ‘आम्हना टाईमले कोठे व्हता दवाखाना? व्हसच असं’ (होतंच असं). मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतली एक बाई घरीच बाळंत झाली आणि रक्त जाऊन गेली. लोक म्हणाले, नशीब. मला धीर धरवत नाही. काय करू?
– एक वाचक, शिरपूर तालुका

उत्तर : तुमचं पत्र छापून येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं, म्हणून कार्यालयातून नंबर घेऊन मी आधी फोनच केला. जाऊबाईंना त्याच दिवशी दाखवलंत, फार बरं केलंत. बाकीच्यांसाठी इथे लिहिते.

संध्याकाळी पाय सुजणं पुष्कळ गरोदर बायांना असतं, रात्री पाय उशीवर घेतले की सकाळपर्यंत उतरतं. त्याला मी घाबरत नाही. पण तोंड-हात सुजून बांगड्या घट्ट व्हायला लागल्या, डोकं थांबेना, डोळ्यांपुढे काजवे चमकले किंवा बरगडीखाली दुखलं, तर त्याच दिवशी बीपी मोजून घ्या आणि लघवी तपासून घ्या. बीपी १४०/९० किंवा वर असेल तर डॉक्टरांनी बघायलाच हवं. हे अंगावर काढलं की झटके येऊ शकतात, आणि झटके आले की आपल्याकडे आधी भगत आठवतो. भगताला नारळ द्यायचा तर नंतर द्या. बाईला डाव्या कुशीवर निजवा, तोंडात चमचा-बिमचा घालू नका आणि गाडी बोलवा. झटके आवरायला मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन असतं. त्याचा पहिला डोस प्राथमिक आरोग्य केंद्रात देऊन पुढे पाठवता येतं.

आता गल्लीतल्या बाईचं. बाळाला पोसणारी वार (प्लॅसेंटा) पडल्यावर गर्भपिशवी आवळून घट्ट व्हावी लागते. ती सैल राहिली तर वार चिकटलेली होती तिथून रक्त वाहतच राहतं, आणि तासा-दोन तासांत बाई हातची जाऊ शकते. दवाखान्यात बाळ बाहेर आलं की मिनिटाभरात मांडीत ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात, ते याचसाठी. घरी ते कोण देणार? त्यात हिमोग्लोबिन सहा-सातवर असलं, तर धडधाकट बाई सोसेल तेवढं रक्त जाणंही हिला सोसत नाही.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांच्या वेळी दवाखाना नव्हता हे खरंच आहे. फक्त विचारा, तेव्हा बाळंतपणात कोण कोण गेलं. माझ्या अनुभवात म्हाताऱ्या बाया आधी गप्प बसतात आणि मग एकेक नाव सांगतात. २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू होते, देशात ९७. पण सरासरीत मुंबई-पुणंही येतं. नंदुरबारच्या डोंगरातल्या अक्राणी-अक्कलकुव्यातला पाडा त्यात कुठे दिसणार?

शिरपूरहून पुढे धुळ्याला पाठवलं तर पन्नासेक किलोमीटर होतात. म्हणून कळा सुरू व्हायच्या आधीच घरात बसून बोला : कोणत्या दवाखान्यात न्यायचं, १०८ ची गाडी लवकर आली नाही तर कोणाची जीप, रक्त द्यायला कोणते दोघं येतील. आणि सगळ्यात आधी, होकार कोणाचा? नवरा सुरतेला कामाला असतो, इथे बाई कळवळते आणि सगळे म्हणतात, ‘त्याला फोन लागू दे.’ रस्त्यापेक्षा या वाक्याने जास्त वेळ खाल्लेला मी पाहिला आहे. त्याच्याकडून होकार आजच घेऊन ठेवा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून. कोणी पैसे मागितले तर हे नाव घेऊन विचारा. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर गरोदर बायांना तपासतात, ती तारीख चुकवू नका.

गल्लीतल्या त्या मृत्यूची नोंद झाली का, हे आशाताईंना विचारा. गरोदरपणात किंवा त्यानंतर ४२ दिवसांत गरोदरपण-बाळंतपणाशी जोडलेल्या कारणाने बाई गेली तर तो मातामृत्यू धरतात आणि चौकशी होते. ती कोणाला शिक्षा करायला नसते, उशीर कुठे झाला ते शोधायला असते. त्या घरच्यांना सांगा, बिचकू नका, झालं तसं बोला.

प्रश्न : लोहाच्या गोळीने शी काळी होते, मळमळतं. मी पाचव्या महिन्यात आहे. बंद केली तर चालेल?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : नाही. काळी शी लोहामुळेच होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर गोळी घेऊन झोपा. चहाबरोबर घेऊ नका, आणि कॅल्शियमच्या गोळीत व हिच्यात दोन तासांचं अंतर ठेवा. कळण्याच्या भाकरीवर, अंबाडीच्या भाजीवर लिंबू पिळून खा, पण भाजी खाल्ली म्हणून गोळी चुकवू नका. गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंत झाल्यावर पुन्हा १८० दिवस ती घ्यायची असते. महिनाभर नीट घेऊनही हिमोग्लोबिन वाढलं नाही तर डॉक्टरांना दाखवा आणि सिकलसेलची (लाल रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी मागून घ्या. पावरा-भिल्ल आदिवासी घरातल्या बायांनी तर वाढायची वाट न बघता पहिल्याच भेटीत.