बालगृहातल्या भाच्यांना घरी आणायचंय, पण कुणाकडे जायचं?

प्रश्न: माझी बहीण वारली. मेहुणे दारूपायी घर सोडून गेले, त्यांचा ठावठिकाणा नाही. सात वर्षांचा भाचा आणि चार वर्षांची भाची आठ महिन्यांपासून कोल्हापुरात दोन वेगवेगळ्या संस्थांत आहेत. आम्हाला हे उशिरा कळलं. अधीक्षक मुलं द्यायला तयार नाहीत. कुणी म्हणतं स्टॅम्पवर दत्तकपत्र करा, कुणी म्हणतं हायकोर्टात जा. काय करू? – एक मावशी, गडहिंग्लज तालुका

उत्तर: ताई, आत्ता दोन्ही नको. दत्तकपत्रावर सही करणार कोण? वडील बेपत्ता आहेत आणि संस्थेला मूल देण्याचा अधिकारच नाही. हायकोर्टाचं कोल्हापूर सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालंय, त्यामुळे तिकडे धावायचा मोह होतो. पण मुलं बालकल्याण समितीच्या (निराधार मुलांच्या सांभाळाबाबत आदेश देणाऱ्या जिल्ह्यातल्या समितीच्या) आदेशाने संस्थेत असतील, तर पहिला प्रश्न हाच येईल, की समितीकडे अर्ज केला होता का?

तेव्हा अर्ज समितीकडेच करायचा, आणि तोही लगेच. घाईचं कारण तुमची भाची. सहा वर्षांखालच्या मुलांना बहुधा विशेष दत्तक संस्थेत ठेवतात, म्हणूनच दोघं वेगळी पडली असणार. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ३८ प्रमाणे पालकांचा शोध लागला नाही, तर समिती मुलाला दत्तकासाठी कायदेशीरदृष्ट्या मुक्त जाहीर करू शकते, म्हणजे मग ते दुसऱ्या कुटुंबाला दत्तक देता येतं. दोन वर्षांवरील मुलांसाठी ही मुदत चार महिन्यांची आहे. ती उलटून गेली आहे. म्हणून अर्जात पहिलंच वाक्य असं लिहा: ‘दोन्ही मुलांबाबत कलम ३८ ची कार्यवाही सुरू आहे का ते कळवावे, आणि माझ्या अर्जाचा निर्णय होईपर्यंत ती पुढे नेऊ नये.’ तसा आदेश आधीच झाला असेल, तर तारखेपासून ३० दिवसांत कलम १०१ खाली बाल न्यायालयात अपील करता येतं. मुदत गेली असेल, तरी उशिराचं सबळ कारण दाखवता येतं.

अर्ज एकच करा, पण दोन्ही प्रकरणांचे क्रमांक त्यात लिहा. नाहीतर मुलाची फाइल हलते आणि मुलीची तशीच राहते. पोच घ्या. फी नसते. समितीने महिन्यात किमान २० दिवस बसायचं असतं, त्यामुळे ‘पुढच्या महिन्यात या’ हे कायमचं उत्तर होऊ शकत नाही. अर्ज नुसता पडून राहिला, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा.

कागदांत सगळ्यात जास्त अडतं ते नात्याच्या पुराव्यावर. लग्नानंतर बहिणीचं आडनाव बदललं, आपल्याकडे कधी नावही बदलतात. मुलांच्या जन्मदाखल्यावर सासरचं नाव, तुमच्या कागदांवर माहेरचं. ही साखळी जोडायला तुम्हा दोघींचे शाळा सोडल्याचे दाखले, बहिणीच्या लग्नाची नोंद (नसेल तर पत्रिका आणि प्रतिज्ञापत्र), तिचा मृत्यूदाखला, मुलांचे जन्मदाखले आणि पोलीस पाटलांचा दाखला लावा.

मेहुणे बेपत्ता असल्याची तक्रार पोलीस ठाण्यात दिली नसेल, तर आधी ती द्या. वडील नैसर्गिक पालक आहेत, त्यांना वगळून पुढे जायचं तर शोध घेतल्याचा कागद हवा. समिती तुम्हाला ‘योग्य व्यक्ती’ (मुलं सांभाळायला लायक व्यक्ती) म्हणून मान्यता देऊन मुलं सोपवू शकते. पण हा ताबा आहे, दत्तक नव्हे. उद्या मेहुणे उगवले, तर मुलांना परस्पर त्यांच्या हवाली करू नका. त्यांना समितीकडे पाठवा.

मग जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून गृहचौकशी होते, आणि चांगली घरं इथेच घसरतात. नवरा ड्युटीवर, सासूला काही माहीतच नाही, आणि कुणीतरी कौतुकानं सांगतं, ‘पोरगा गुऱ्हाळावर हाताशी येईल.’ एवढ्या वाक्याने अहवाल उलटतो. घर लहान असलं तरी चालतं. मुलं कुठे झोपतील, कोणत्या शाळेत जातील, तुम्ही कामावर असताना कोण बघेल, याची उत्तरं घरातल्या सगळ्यांची एकच असावीत. यजमानांची लेखी संमती आधीच जोडा.

दरम्यान, भेटीची लेखी परवानगी मागा आणि भेट चुकवू नका. समिती मुलांचं म्हणणंही विचारात घेते. चार वर्षांची पोर आठ महिन्यांत मावशीला विसरू शकते. मुलांचे फोटो स्टेटसला ठेवू नका, कलम ७४ खाली त्यांची ओळख उघड करणं गुन्हा आहे.

आदेश हातात आल्यावर दोन्ही मुलांची नावं, जन्मतारखा आणि तुमचं नाव तिथेच ताडून पाहा. बालसंगोपन योजनेचा अर्ज (दर मुलामागे महिना २,२५० रुपये) जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात लगेच द्या. आणि वकिलावर खर्च करायची गरज नाही: महिला म्हणून, उत्पन्न कितीही असलं तरी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तुम्हाला मोफत वकील मिळतो. फोन १५१००.