समूहवर्गातून जॅझकडे

प्रश्न : पियानोच्या समूहवर्गात मी स्केल (स्वरांची क्रमवार मालिका) आणि सोपे कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वरसमूह) शिकलो आहे. जॅझसाठी आता वैयक्तिक शिकवणीच लावावी का?

उत्तर : तशी गरज नाही, उलट जॅझ ही एकमेकांचे ऐकत वाजवण्याची कला असल्यामुळे समूहवर्ग तिला फार पोषक ठरतो. सी मेजर स्केलमधील डी मायनर सेव्हन, जी सेव्हन आणि सी मेजर सेव्हन ही कॉर्डची साखळी आधी पक्की करा. पहिल्या कॉर्डमधला सी हा स्वर दुसऱ्यात जाताना अर्ध्या स्वराने उतरून बी होतो आणि एफ जागचा हलत नाही, हे बोटांना उमगले की हाताची उगाच धावपळ होत नाही. एकाने कॉर्ड धरावेत, दुसऱ्याने धून वाजवावी आणि मग अदलाबदल करावी. मेट्रोनोमचा (ठरावीक लयीत ठोके देणाऱ्या यंत्राचा) ठोका दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर मोजावा. हाताची ठेवण मात्र शिक्षकांकडून स्वतंत्रपणे तपासून घ्याच.