काकांनी चुकीची गोळी बंद केली

"ताई, बीपीच्या गोळीनं किडनी जाते म्हणे. म्हणून मी ती सोडलीच." एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेल्या काकांनी रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी सुरू केल्यावर तीन आठवड्यांत क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो एक टाकाऊ पदार्थ, १.१ वरून १.३ झालं होतं. मग वीस दिवस गोळी बंद. आज बीपी १६८/१००.

ही भीती घेऊन येणारे काका पहिले नव्हेत. आकडा वाढलेला दिसतो, त्यामुळे नुसतं "काही होत नाही" म्हणून भागत नाही.

मी अंगणातला पाइप आठवायला सांगितला. तोंडावर अंगठा दाबला की आत दाब वाढतो. एकेका किडनीत अशा सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. एका नळीतून रक्त आत येतं, दुसरीतून बाहेर जातं. बाहेरची नळी आवळलेली राहिली की गाळणीवर ताण येतो. वर्षानुवर्षं तसंच चाललं की ती झिजते, लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात. टेल्मिसार्टन तो अंगठा सैल करते. दाब उतरतो, गाळणं जरासं मंदावतं, म्हणून क्रिएटिनिन थोडं चढतं. साधारण ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर चालवून घेतात. काकांची १८ टक्के होती. वाढ ३० टक्क्यांपुढे गेली किंवा रक्तातलं पोटॅशियम वाढलं, तर मात्र कारण शोधावं लागतं. किडनीच्या धमन्या अरुंद झाल्या असतील, तरी असं होतं.

"आणखी काय घेता?"

"काही नाही."

काकूंनी मुकाट्यानं पिशवीतून एक पाकीट काढलं. डायक्लोफेनॅक, दुखण्यावरची गोळी. गुडघ्यासाठी, रोज, मेडिकलमधून परस्पर. "ते काय औषध आहे थोडंच!" काका म्हणाले.

ही गोळी आत येणारी नळी आवळते. एकीकडे अंगठा सैल, दुसरीकडे नळच बारीक, मग गाळणीत दाब उरणार कुठून? त्यात जुलाब-उलट्या झाल्या, अंगातलं पाणी कमी झालं, तर किडनी एकदम बसू शकते. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी फोन करा, हे मी दोनदा बजावलं. १.३ मध्ये कुठल्या गोळीचा किती वाटा, ते रिपोर्टवरून कळत नाही. पण सोडायची होती ती ही.

डॉक्टरांनी टेल्मिसार्टन पुन्हा सुरू केली, डायक्लोफेनॅक थांबवली. दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.२, पोटॅशियम ४.६, बीपी १३६/८४. त्या वेळी काका घरातली सगळी औषधं घेऊन आले होते. त्यात एक बिननावाचं चूर्णही निघालं.