एखादी ऑनलाइन सेवा माझ्या ईमेलचा पासवर्ड साठवून ठेवत असेल, तर तो 'सुरक्षित' ठेवता येतो का?

माझं स्पष्ट मत: तिने तो साठवूच नये.

सेवेचा स्वतःचा लॉगिन पासवर्ड वेगळा. तिथे मूळ पासवर्ड ठेवायची गरजच नसते. सॉल्ट (प्रत्येक पासवर्डला जोडलेली वेगळी, यदृच्छ अक्षरं) घालून, बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२ या पद्धतींनी केलेला हॅश, म्हणजे पासवर्डवरून गणिताने काढलेला ठसा, पुरतो, आणि हॅशवरून उलटं जाता येत नाही. पण तुमच्या मेलबॉक्समधून पासवर्ड वापरूनच मेल आणायचे असतील, तर सेवेला तुमचा खरा पासवर्ड दर वेळी लागतो. मग तो हॅश करून चालत नाही, एन्क्रिप्ट करावा लागतो, म्हणजे किल्लीने पुन्हा उलगडता येईल अशा सांकेतिक रूपात ठेवावा लागतो. आणि तो उलगडायची किल्ली त्याच सेवेच्या हाताशी असते. सर्व्हरवर पूर्ण ताबा मिळवणाऱ्याला बहुधा दोन्ही सापडतात. २०१३मध्ये ॲडोबी या सॉफ्टवेअर कंपनीचा डेटा फुटला, तेव्हा पासवर्ड हॅश न करता एन्क्रिप्ट केलेले होते. सारख्या पासवर्डचा सांकेतिक मजकूरही सारखाच, त्यामुळे शेजारच्या 'हिंट' (पासवर्ड आठवावा म्हणून वापरणाऱ्यांनी लिहिलेल्या खुणा) वाचून लोकांनी त्यातले बरेच ओळखले.

त्यातून हा पासवर्ड ईमेलचा. बँक सोडा, बाकी बहुतेक खात्यांचे 'पासवर्ड विसरलात?' वाले दुवे तिथेच येतात.

यावर उपाय आहे: एका सेवेला दुसरीकडच्या खात्यात प्रवेश देण्याचं ओऑथ २.० हे मानक २०१२पासून आहे. त्यात सेवेला पासवर्ड नव्हे, मर्यादित परवानगीचं टोकन (एक डिजिटल परवाना) मिळतं, आणि ते तुम्ही कधीही रद्द करू शकता. ही सोय नसेल तर निदान वेगळा ॲप पासवर्ड, म्हणजे ईमेल खात्यातून फक्त त्या सेवेसाठी काढलेला पासवर्ड, बनवून द्या. पूर्वी कुठे खरा पासवर्ड दिला असेल, तर तो आजच बदला.